पर्यावरणाच्या संकटात आंदोलनाने काही होतं का, की आपण आपल्या घरापुरतं, मोहल्ल्यापुरतं काम करावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मोर्चे आणि धरणी बघून कंटाळा आला, सरकार कोणाचंही असो काही हलत नाही, तेव्हा गच्चीवरचं पाणी जिरवावं, ओल्या कचऱ्याचं खत करावं आणि गप्प बसावं, हे बरोबर का? त्यातल्या ‘गप्प बसावं’वर मी अडकले. आमच्या घरात हे भांडण 1970 पासून चालू आहे.

मी इंदूरची, रामबागेच्या बाजूची. 1970 साली मी सात वर्षांची होते. शहर तेव्हा मुख्यतः यशवंतसागरच्या पाण्यावर होतं. तो तलाव 1939 चा, आणि इंदूर मिलांमुळे कुठल्या कुठे पसरलेलं. त्या पावसाळ्यात नर्मदेचं पाणी शहरात आणा म्हणून ‘नर्मदा लाओ’ आंदोलन पेटलं. विद्यार्थी पुढे होते, मागोमाग सगळं गाव. आमचे अण्णा मिलमध्ये कारकून होते, तेही रोज मोर्च्यात जात. मुख्यमंत्री श्यामाचरण शुक्लांच्या सरकारला मान्य करावं लागलं, आणि 1978 मध्ये नर्मदा इंदुरात आली. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे 70 किलोमीटर, पाचशे मीटरहून जास्त वर चढवून. अण्णांनी नळाला हार घातला होता. आंदोलनाने काही होत नाही असं जे म्हणतात त्यांनी इंदुरात येऊन नळ उघडून बघावा. पन्नास वर्षं आम्ही ते आंदोलनच पितोय.

पण वाड्यात एक विहीर होती. नऊ फूट रुंद, अडतीस फूट खोल, पूर्वेच्या अंगाला झरा. ती भाऊकाका सांभाळत. दर उन्हाळ्यात गाळ काढणं, महिन्यातून एकदा लाल औषध टाकणं, पोहऱ्याचा दोर बदलणं. नळ आल्यावर दोनतीन वर्षांत ते काम बंद पडलं. पाणी शेंदायला कोण जाणार? 1991 मध्ये भाडेकऱ्यांची लहान मुलं वाड्यात खेळायची म्हणून तिच्यावर स्लॅब टाकला. कोपऱ्यात एक भोक ठेवलं, त्यातून सगळ्यांनी निर्माल्य टाकलं. पुढे निर्माल्याबरोबर बाकीचंही. स्लॅबवर स्कूटर उभ्या राहू लागल्या. भाऊकाका त्या स्लॅबवरून कधी चालत गेले नाहीत, भिंतीच्या कडेने जायचे. अण्णांना एवढंच म्हणाले होते, “नळ तुम्ही भांडून आणलात, ते चांगलं केलंत. विहीर का मारलीत?”

दादाचं वेगळं. तो 28 सप्टेंबर 1989 ला हरसूदच्या धरणविरोधी मेळाव्याला गेला आणि नर्मदा बचाओ आंदोलनाचा होऊन परत आला. महिनोन्महिने नर्मदाकाठी निमाडात असायचा. अण्णा जेवताना म्हणायचे, “नर्मदेचं पाणी पिऊनच नर्मदेच्या धरणाविरुद्ध बोलतोस.” दादा ताटावरून उठायचा. अण्णांचं चुकत होतं. जलूदला पंपाने पाणी उचलणं वेगळं आणि सरदार सरोवराच्या फुगवट्यात चिखलदा, निसरपूरसारखी गावं जाणं वेगळं. त्या जलूदवरही नर्मदेवरच्याच महेश्वर धरणाची टांगती तलवार होतीच. 1998 च्या जानेवारीत हजारो लोकांनी धरणाच्या जागेवर जाऊन ती ताब्यात घेतली. ते लोक गप्प बसले असते तर कुठल्या गच्चीवरचं पाणी जिरवणार होते?

आता माझी गोष्ट. 30 मार्च 2023, रामनवमी. इंदूरच्याच पटेलनगरच्या मंदिरात बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवर, टाकलेला स्लॅब खचला आणि 36 माणसं गेली. त्या रात्री मी झोपले नाही. आमच्या स्लॅबवर रोज पोरं क्रिकेट खेळत होती. आठवड्याभरात शहरात झाकलेल्या विहिरींच्या याद्या सुरू झाल्या. वाड्यात चार बिऱ्हाडं, सगळ्यांचं एकच म्हणणं, मुरूम टाकून बुजवा. मी पुण्याला दादाला फोन केला, त्याची संमती लागत होती. मला वाटलं निदान हा तरी माझ्या बाजूने बोलेल. तो म्हणाला, “बुजव. उद्या कोणी पडलं तर जबाबदार कोण? आणि अगं, एका विहिरीने पाण्याचा प्रश्न सुटत नाही, तो राजकीय प्रश्न आहे. हे सगळं मध्यमवर्गाचं समाधान आहे.”

ते वाक्य मला अजून बोचतं. ज्याने तीस वर्षं नदीसाठी दिली त्याला घरची विहीर ‘समाधान’ वाटावी!

मी बुजवू दिली नाही. माझ्या निवृत्तीच्या पैशातून स्लॅब फोडून घेतला. आत माणूस उतरवण्याआधी पेटता कंदील सोडला, तो निम्म्यावर विझला. म्हणून दोन दिवस पंखा लावून हवा खेळवली, मग पुन्हा कंदील, मग माणूस, कमरेला दोर बांधून. सात ट्रॉल्या गाळ निघाला. बाटल्या, फुटकी कौलं, देवांच्या तसबिरी, अण्णांच्या सायकलचं मडगार्ड. चौथ्या दिवशी पूर्वेचा झरा सुटला. खालचा माणूस ओरडला, “दीदी, पानी ठंडा है!” मी कठड्याच्या जागी बसून रडले.

तीन दिवस पाणी स्वच्छ होतं. मग वास यायला लागला. तपासून घेतलं तर मैल्याचे जिवाणू. मागच्या गल्लीतली ड्रेनेज लाइन फुटलेली होती आणि झऱ्याच्या वाटेने आत येत होती. इथे माझं स्वावलंबन संपलं. रस्ता खोदून दुसऱ्याची लाइन मी बदलू शकत नाही. ज्या कचेरीची ती लाइन होती तिथे पाच वेळा गेले. पाचही वेळा उत्तर एकच, “लाइन ठीक है, कुआँ बंद करवा लो।”

शेवटी पुन्हा दादालाच फोन केला. आणि हे मला लिहिलंच पाहिजे, कारण तोंडावर मी ते त्याला कधी म्हटलं नाही: त्या चार महिन्यांत त्याने जे शिकवलं ते मला जन्मात सुचलं नसतं. तोंडी बोलू नकोस, प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घे. माहितीच्या अधिकारात लाइनचा नकाशा माग. एकटी जाऊ नकोस. घोषणा नकोत, पाणी घेऊन जा. नकाशा मिळाला. गल्ली होती, नळाची लाइन होती, ड्रेनेज होतं, आमचा वाडाही होता. विहीर नव्हती. आम्हीच ती झाकली होती, तर कागदावर कुठून येणार? मग मोहल्ल्यातल्या अकरा बायका बाटल्यांमध्ये ते पाणी घेऊन गेलो, साहेबांच्या टेबलावर झाकणं उघडून ठेवल्या आणि बसून राहिलो. चौथ्या महिन्यात लाइन बदलली.

आंदोलन करणारे लोक मागणी मान्य झाली की घरी जातात, हा माझा त्यांच्यावरचा राग आहे. अण्णांच्या पिढीने नर्मदा आणली आणि विहिरी, तलाव, शहरातली खान नदी सगळं वाऱ्यावर सोडलं. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 च्या अहवालात इंदूरच्या होळकर दरबाराला बजावलं होतं की नळ आले तरी जुन्या विहिरी टाकू नका, नळयोजना कधीतरी बिघडतेच आणि विहिरी हा शहराचा विमा आहे. ऐकलं कोणी नाही. आज नळ एक दिवसाआड येतो आणि पाणी वर चढवायच्या विजेचा खर्च इतका की 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून जलूदकडे सौर प्रकल्प उभारायला घ्यावा लागला.

आणि नुसतं ‘आपापलं बघा’ म्हणणाऱ्यांवर माझा राग त्याहून जास्त आहे. ते मोहल्ल्याच्या हद्दीपाशी येऊन थांबतात, आणि फुटलेली लाइन नेहमी हद्दीपलीकडे असते. इंदूरचाच सिरपूरचा तलाव घ्या. 2022 मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, त्याचे फोटो सगळ्यांनी टाकले. त्याआधी वर्षानुवर्षं थोडेसे लोक तिथे राखण करत होते आणि तेच लोक अतिक्रमणावर तक्रारीही करत होते. त्यांच्यात राखणारे वेगळे आणि भांडणारे वेगळे असे दोन गट मला दिसले नाहीत.

अर्थात सगळ्याच गोष्टी विहिरीपासून सुरू होत नाहीत. जानेवारी 2025 मध्ये वायुकांडवाल्या युनियन कार्बाइड कारखान्याचा 337 टन विषारी कचरा भोपाळहून इंदूरजवळच्या पीथमपूरला जाळायला आणला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, ते बरोबरच होतं. हायकोर्टाच्या आदेशाने तो शेवटी तिथेच जाळला. पण धूर, राख, पाणी कोण मोजतंय हे विचारायला तरी माणसं जागी होती. तिथे गांडूळखत कामाचं नाही. तसंच, तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल, भाड्याने राहत असाल, तर माझा अनुभव जसाच्या तसा लागू पडणार नाही. विहिरीत कधीही उत्साहाने उतरू नका, माणसं गुदमरून मरतात. आम्हीही ते पाणी पीत नाही. झाडं, धुणं आणि नळ न येण्याचा दिवस एवढंच त्यावर भागतं. गच्चीचं पाणी विहिरीत सोडणार असाल तर पहिला पाऊस बाहेर जाऊ द्या.

तुमच्या गल्लीत झाकलेली विहीर आहे का, ते आधी विचारून या. म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं.

आणि दादा, हे तुझ्यापर्यंत कोणीतरी पोचवेलच. पोच घेतलेले अर्ज, नकाशा आणि तपासणीचे दोन्ही कागद मी एका फाइलमध्ये लावून ठेवले आहेत. फाइलवर तुझं आणि भाऊकाकांचं, दोघांचं नाव घातलंय. मे महिन्यात येशील तेव्हा बघ. गेल्या मे मध्ये नऊ फूट पाणी होतं.