नदीकाठचं जुनं पॉवरहाऊस: बागेच्या आधी जमिनीखाली काय आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाजारपेठेला लागून, नदीच्या काठावर डिझेल इंजिनाचं जुनं पॉवरहाऊस आणि त्याचं ट्रान्सफॉर्मरचं आवार कित्येक वर्षं पडून आहे. नगरपंचायतीला तिथे बाग, घाट आणि दुमजली व्यापारी गाळे करायचे आहेत. हरकत घ्यावी का, घेतली तर कशावर?

माझी उमेदीची सगळी वर्षं बांधकामांवर देखरेख करण्यात गेली, त्यातली बरीचशी कोकणातल्या नद्यांच्या काठी. बागेला माझा विरोध नाही. पण कोनशिलेच्या आधी कुणीतरी त्या आवारात चार खड्डे मारून माती नाकाला लावून बघायला हवी, आणि ते कधीच कुणी करत नाही.

अशा एका जागेवर मी होतो. गाव सांगत नाही. दिव्याच्या खांबासाठी तीन फुटांचा खड्डा घेतला आणि काळी, चिकट माती निघाली, गॅरेजसारखा वास. ठेकेदाराने ती डंपरभर उचलली आणि नदीच्या कडेलाच ओतली. त्या पावसात शेजारच्या विहिरीवर तेलाचा तवंग आला. आपला जांभा चाळणीसारखा असतो. वरचं तेल कुठून शिरेल आणि कुठे निघेल याचा नेम नाही. शेवटी त्या घराला नळाचं कनेक्शन देऊन विषय मिटवला.

म्हणून पहिली मागणी माती आणि भूजलाच्या तपासणीची. पुरलेली डिझेलची टाकी, इंजिनाचं काळं तेल, बॅटरीच्या खोलीतलं शिसं, आणि ट्रान्सफॉर्मर जिथे ठेवले होते तिथली माती, एवढं तरी तपासायला हवं. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं. ते कुजत नाही, गाळात बसून राहतं आणि माशांच्या चरबीत साठतं. केंद्राने २०१६ च्या आदेशाने त्याची उपकरणं वापरायला ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत दिली होती, पण जे तेल आधीच जमिनीत मुरलं त्याचं काय, ते जागेवर जाऊनच कळणार. प्रदूषित जागांसाठी वेगळे नियमही २०२५ मध्ये आले आहेत; हरकतीत त्यांचा उल्लेख करा. छपरावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडू नका, ओले करून अख्खे उतरवायला सांगा.

परदेशातल्या रंगीत फोटोंना भुलू नका. लंडनचं बॅटरसी वीजकेंद्र १९८३ मध्ये बंद पडलं आणि लोकांसाठी उघडलं २०२२ मध्ये. मधल्या काळात कितीतरी मालक बदलले. सिअॅटलचा गॅस कारखाना १९५६ ला बंद झाला, १९७५ ला तिथे उद्यान झालं. कारखान्याचे मनोरे तसेच ठेवलेत, फार देखणं दिसतं. पण तिथल्या काठावरून तळ्यात उतरायला आजही मनाई आहे, कारण तळाचा गाळ अजून खराब आहे. आणि आपण तर घाट बांधून पोरांना पाण्यात उतरवणार, गणपती विसर्जनाला गावच्या गाव उभं राहणार!

आता पाणी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात एसटी आगाराचे कर्मचारी रोकड घेऊन बसच्या टपावर जाऊन बसले होते, ते आठवत असेल. वरून पाऊस, खालून भरती. खाडीला भरती असली की नदीचं पाणी उतरायला जागा मिळत नाही. तुमच्या गावालाही खाडी फार लांब नसावी.

मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यात लागू असलेली यूडीसीपीआर, म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली, म्हणते, नदीपासून निळ्या पूररेषेपर्यंत बांधकाम नाही. (निळी रेषा वरचेवर येणाऱ्या पुराची, लाल रेषा क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची.) चालतं ते बाग, हिरवळ, पार्किंग, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, स्मशान, सार्वजनिक शौचालय असलं. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट. दुमजली गाळे निळ्या रेषेच्या आत दाखवले असतील तर बोलायलाच नको, खोडून टाका. पण एक पळवाट आहे: निळ्या रेषेच्या आतल्या अधिकृत इमारतीच्या पुनर्विकासाला जोत्याच्या उंचीच्या त्याच अटीवर परवानगी मिळू शकते. म्हणजे आज पडीक दिसणारं पॉवरहाऊस हाच उद्या गाळ्यांचा आधार. ते अधिकृत होतं का आणि क्षेत्रफळ किती होतं, याचा कागद माहितीच्या अधिकारात आत्ताच मागून ठेवा. पाडल्यावर क्षेत्रफळ वाढतं, हा माझा अनुभव.

भाजीवाल्या बायका आज त्या रस्त्यावर बसत असतील तर ओट्यांचा बाजार मलाच आवडेल. पूर आला, ओटे धुवून घेतले, आठवड्यात बाजार सुरू.

काँक्रीटची उभी भिंत मात्र नको. तिने पात्र अरुंद होतं आणि पाणी समोरच्या आळीत जातं. शिवाय पूर भराभर उतरताना भिंतीमागची माती पाण्याने भरलेली राहते आणि समोरून आधार गेलेला असतो. निचऱ्याची भोकं बुजलेली असली तर भिंत नदीत झोपते. अशा दोन झोपलेल्या भिंती मी पाहिल्यात. उतरता काठ, खाली दगडांच्या जाळ्या, वर करंज, उंडी, वाळुंज.

जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड काढा आणि शेरे नीट वाचा. वीजपुरवठ्यासाठी दिलेल्या जागेवर दुकानं चालतात का, हे तिथेच समजेल. विकास आराखड्यातलं आरक्षण बदलताना नगररचना कायद्याच्या कलम ३७ ची नोटीस निघाली असेल तर हरकतीला महिना मिळतो. एकच सही नको, आळीतली माणसं जमवा.

आणि त्या पॉवरहाऊसवर काम केलेला एखादा म्हातारा वायरमन किंवा इंजिन ड्रायव्हर हयात असेल तर उद्याच त्याला रिक्षात बसवून आवारात न्या. आमच्या त्या जागेवर टाकी नकाशात दाखवलेलीच नव्हती. मी नंतर भेटलो त्या आजोबांनी खुर्चीतूनच काठी रोखून सांगितलं, फणसाच्या झाडापासून सात पावलं. फणस तोपर्यंत तोडला होता.