एकाच खुर्चीचं विमान

अनेक आशीर्वाद.

तू बांधतोयस त्या विमानाचे फोटो पाहिले. सांगाडा छान उभा राहिलाय, वेल्डिंगही स्वच्छ. पण शेपटीजवळ तो जाड पत्रा कशाला ठोकलास? मजबुतीसाठी म्हणशील. लूमवाल्या घरातलं पोर, जड ते चांगलं हे तुझ्या डोक्यातून जायचं नाही. विमानात उलटं असतं. शेपटीत वजन वाढलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि असं विमान स्टॉल झालं, म्हणजे वेग फार घटून पंखांची उचल तुटली, तर सावरायला नाक खाली यावं लागतं, ते यायला तयार होत नाही. पत्रा काढ.

दुसरं, ड्रॉइंगवर टेकऑफचं जे अंतर लिहिलंय ते समुद्रसपाटीवरचं, 15 अंश तापमानाचं. आपलं सोलापूर जवळपास 1,600 फुटांवर. त्यात एप्रिलच्या दुपारी पारा 42 ला टेकला की हवा इतकी विरळ होते की विमान 5,000 फुटांवर असल्यासारखं वागतं. 50 हॉर्सपॉवरच्या इंजिनात 42-43 उरतात. प्रोपेलरची ओढ घटते, पंखांनाही उचल मिळायला जास्त वेग लागतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. शिकाऊ असताना मे महिन्यात भर दुपारी मायक्रोलाइट, म्हणजे छोटं हलकं विमान, पळवत होतो. धावपट्टी संपत आली तरी चाकं जमिनीवरच. मी आपला ‘आता उचलेल, आता उचलेल’ म्हणतोय. शेजारच्या इन्स्ट्रक्टरने थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे ओढला आणि आम्ही ज्वारी काढलेल्या रानात जाऊन थांबलो. टायरमध्ये धसकटं घुसली होती, ती मीच उपसत बसलो.

तुझ्या विमानात थ्रॉटल ओढायला शेजारी कोणी नसेल. पहिलं उड्डाण होईल तेही एकट्याचंच. म्हणून आधी दोन खुर्च्यांच्या विमानात रीतसर शिकून घे. बांधकाम थांबलं तरी चालेल.

कागदांचं माहीतच आहे तुला, डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परवानगीशिवाय चाक उचलायचं नाही. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं विमान 2016 च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोंदणी मिळाली ती 2017 मध्ये. त्यामागे कित्येक वर्षांची खटपट होती. तुला तर आत्ताशी सातवा महिना लागलाय.

रविवारी येतो. गुरुत्वमध्य कुठे येतो ते मोजू. तीन वजनकाटे मागवून ठेव, प्रत्येक चाकाखाली एक. टाकी रिकामी हवी, आणि पत्रा काढलेला. शेंगाचटणी मी आणतो, कडक भाकरीचं आईला सांग.

तुझा,
काका