सही करण्याआधी कारणाचा रकाना वाच

प्रिय मैत्रिणी,

(वयाने तू माझ्या लेकीएवढी आहेस, पण कामाचं बोलताना ते माझ्या लक्षात राहत नाही.)

तुझा निरोप रात्री दोनदा वाचला. 'टीम कमी करतायत. शुक्रवारपर्यंत राजीनामा दे म्हणाले, म्हणजे रेकॉर्डवर काढून टाकल्याचं येणार नाही.' हे वाक्य मला तोंडपाठ आहे. एचआरमध्ये होते तेव्हा मीच ते कितीजणांना ऐकवलंय, आवाज मुद्दाम मऊ करून. मग माझीही पाळी आली. टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीत बसून तेच वाक्य ऐकलं. राजीनाम्याचा मजकूर छापून तयार होता, कारणाच्या जागी 'वैयक्तिक' असं लिहिलेलं. मी तारीख घातली आणि सही ठोकली. इतकी वर्षं लोकांचे कागद हाताळणारी बाई, पण स्वतःचा कागद धड वाचला नाही. पुढे बेकारी भत्त्याचा अर्ज भरायला घेतला तेव्हा पहिल्याच पानावर विचारलं होतं, नोकरी कुणी संपवली? उत्तर माझ्याच सहीचं होतं.

तेव्हा आधी एवढंच ऐक: शुक्रवारी सही करू नकोस.

बेकारी भत्ता बहुतेक ठिकाणी विम्यासारखा चालतो. पगारातून नाहीतर मालकाकडून हप्ते जातात आणि आपल्या हातात नसलेली आपत्ती आली की पैसे मिळतात. स्वतः ओढवून घेतलेल्या आपत्तीला विमा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ सालच्या १०२ क्रमांकाच्या करारात हेच आहे. काम करायला सक्षम आणि तयार असूनही योग्य काम मिळत नाही, म्हणून कमाई थांबलेला माणूस त्यात धरला आहे. ज्यांचा भत्ता रोखता येतो, त्यांच्यात 'पुरेशा कारणाशिवाय आपणहून नोकरी सोडणारा' स्पष्ट लिहिलेला आहे. देशोदेशीचे नियम वेगळे असले तरी 'आपणहून' आणि 'पुरेसं कारण' या दोन गोष्टींभोवतीच ते फिरतात. तुझ्या राजीनाम्यात पहिली गोष्ट येणार आणि दुसरी नसणार, म्हणून मी ओरडतेय.

आता 'पुरेसं कारण' म्हणजे काय? कंटाळा आला, साहेबाशी पटत नाही, हे चालत नाही. पगार थकवला, छळ झाला, तब्येतीला झेपेना, कामाची जागाच धोक्याची, अशी कारणं सहसा ऐकून घेतात. मात्र आधी तू ती दुरुस्त करायला सांगितलं होतंस का, हे विचारतात. तोंडी सांगितलेलं तिथे उपयोगाचं नसतं. जपानचं मला आवडतं, तिथे हे मोजून ठेवलंय. नोकरी सोडण्याआधीच्या सहा महिन्यांत सलग तीन महिने दरमहा ४५ तासांपेक्षा जास्त ओव्हरटाइम झाला असेल, तर राजीनामा देऊनही तुला कंपनीमुळे बाहेर पडलेली धरतात. 'तू आपणहून जा' असा तगादा लावून घेतलेला राजीनामाही त्याच खात्यात जातो. तिथे कंपनी सोडल्याच्या दाखल्यावर मालकाने लिहिलेलं कारण असतं आणि कामगाराला त्यावर आक्षेप आहे की नाही, हे सांगायला वेगळी जागा असते. माझ्या त्या कागदावर अशी जागा असती तर! असो. आणि हो, निव्वळ स्वेच्छेने सोडणाऱ्याला तिथे सात दिवसांच्या प्रतीक्षेनंतर पूर्वी दोन महिने थांबावं लागायचं, एप्रिल २०२५ पासून ते एका महिन्यावर आलं.

तू विचारलंयस, 'परस्पर संमतीने वेगळे झालो' असं लिहिलं तर? हा प्रश्न सगळ्यात फसवा. फ्रान्समध्ये २००८ पासून कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने असा करार केला, तर भत्त्याचा हक्क शाबूत राहतो. शेजारच्या जर्मनीत तशाच करारावर सही केली आणि ठोस कारण दाखवता आलं नाही, तर साधारण १२ आठवडे भत्ता अडतो. भारतात कर्मचारी राज्य विमा महामंडळाची २०१८ पासूनची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, त्यात जास्तीत जास्त ९० दिवस मदत मिळते, पण स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला नाही. एक शब्द, तीन ठिकाणी तीन अर्थ. म्हणून दुसरीकडे राहणाऱ्या मैत्रिणीचा अनुभव प्रेमाने ऐक, पण त्यावर विसंबून सही करू नकोस. तुला ज्या कार्यालयात अर्ज करायचाय, तिथेच विचार.

काढून टाकलं तर डाग लागेल, ही भीती मला कळते. पण काढून टाकणं आणि गैरवर्तनावरून काढणं यात फरक आहे, आणि त्यातला दुसरा प्रकारच भत्ता घालवतो. काम जमलं नाही, आकडे गाठले नाहीत, एखादी चूक झाली, याला गैरवर्तन म्हणत नाहीत. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ साली एका टॅक्सीचालकाच्या प्रकरणात हे खुलासेवार मांडलं: मालकाच्या हिताची जाणूनबुजून पर्वा न करणं हे गैरवर्तन, नुसती अकार्यक्षमता किंवा प्रामाणिकपणे निर्णय चुकणं हे नव्हे. ही व्याख्या पुढे तिथल्या अनेक राज्यांनी उचलली. तुझं तर पदच कमी करतायत. त्यात डाग कसला?

बाकीच्या अटी चटकन सांगते. ठरावीक काळात पुरेसे हप्ते भरलेले असावे लागतात. जर्मनीत साधारणपणे मागच्या ३० महिन्यांत १२ महिने. काम शोधायला तयार असावं लागतं, म्हणजे नोकरी गेली म्हणून दोन महिने भटकायला निघालीस तर त्या काळाचा भत्ता विसर. मधल्या काळात छोटंमोठं काम केलंस तर ते कळव, लपवू नकोस. नंतरची वसुली फार महागात पडते. नावनोंदणी लगेच कर. जर्मनीत नोकरी जाणार हे तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ असताना कळलं, तर तीन दिवसांत नोंदवावं लागतं. लोक आधी आठवडाभर दुःख करत बसतात आणि मग जातात. दुःख नोंदणीनंतरही करता येतं.

पहिला अर्ज फेटाळला तर घाबरू नकोस. पण पत्रावरची अपिलाची मुदत त्याच दिवशी कॅलेंडरवर लिही, ती कमीच असते.

आता आजचं काम. 'टीम कमी करतायत' असं ज्या मेलमध्ये किंवा चॅटमध्ये आलंय, त्याच्या प्रती स्वतःकडे काढून ठेव. ऑफिसचं खातं बंद झालं की काही हाती लागत नाही. पण कंपनीची गोपनीय कागदपत्रं उचलू नकोस, तेच पुढे गैरवर्तन म्हणून चिकटवतील. मग एचआरला दोन ओळींचा मेल टाक: 'पद कमी होत असल्याने मला राजीनामा द्यायला सांगितलं आहे. मी स्वतःहून नोकरी सोडत नाही. कृपया आपला निर्णय लेखी कळवावा.' एवढंच, त्यात रागाचा एकही शब्द नको. त्यांनी शुक्रवारी कागद पुढे केलाच, तर 'घरी नेऊन वाचते' म्हण. त्यावर तोंड वाकडं होईल. माझ्यासमोर कुणी असं म्हटलं की माझंही व्हायचं, आणि तरी कागद द्यावाच लागायचा.

बाहेर पडलीस की फोटो काढून मला पाठव. कारणाचा रकाना नीट दिसेल असा काढ.

तुझी,
एचआरमधली जुनी मावशी