वहीतलं 'किरकोळ'
(घरचा हिशोब : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, मी उचगावची. मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहेत, हातात 21,000 येतात. त्यांना दिवसाला चार सिगारेटी लागतात, सुटी 18 ला एक. ड्युटीवर जाताना माव्याची 20 ची पुडी. मामंजींना दोन दिवसाला बिडीचा बंडल, 30 चा. आत्याबाई मिश्री लावतात, पण ती काय, महिन्याला 65 रुपयांची. मी शिवणकाम करते, हिशोब मीच लिहिते. तरी वीस तारखेनंतर शेजारी हातउसने मागावे लागतात. काही बोललं की मालक म्हणतात, "दहा-वीस रुपयांनी काय घर बुडतंय व्हय?" भांडण न होता हे त्यांना कसं सांगू?

उत्तर : तुम्ही वहीच्या पानांची झेरॉक्स पाठवलीत हे फार बरं केलंत. दूध, गॅस, शाळेची रिक्षा, भिशी, सगळं नीट लिहिलंय. तंबाखू हा शब्द मात्र एकदाही नाही. त्याच्या जागी रोज 'किरकोळ' आहे : 90, 110, 85.

हा शब्द मी ओळखते. माझे वडील गेल्यावर गल्लीतल्या दुकानाची उधारी मिटवायला मी गेले. खतावणीत पानापानावर साखर, चहापूड आणि खाली 'किर.' असं लिहिलेलं. दुकानदारकाका मान खाली घालून म्हणाले, "अण्णाच सांगायचे, तंबाखू लिहू नका, घरात वाचतात." अण्णांचं बार भरणं अजून डोळ्यांपुढं आहे. चंचीतून चिमूट काढायची, नखानं चुना घ्यायचा, तळहातावर अंगठ्यानं मळायचं, दोन थापट्या मारायच्या. शेवटच्या वर्षी गालात गाठ झाली. आधी दुधात कुस्करलेली भाकरी, मग नुसतं दूध, मग तेही जाईना. बत्तीस वर्षं मी पतसंस्थेत लोकांच्या हप्त्यांची ओढाताण पाहिली, पण आमच्या घरातला हा आकडा कधी मांडला नव्हता. तुमचा मांडते.

सिगारेट रोजची 72 ची, महिन्याला 2,160. मावा 26 ड्युट्यांचा 520. बिडीचे 15 बंडल, 450. मिश्री 65. शिवाय काडेपेटी, लायटर आणि सिगारेटीबरोबर ठरलेला टपरीवरचा चहा, रोजचे 20 तरी धरा : 600. झाले 3,795. शंभर रुपये पगारातले अठरा. वर्षाचे 45,540. मालक म्हणतात ते दहा-वीस रुपये हेच. ते रोज जातात आणि सुटे जातात, म्हणून दिसत नाहीत. सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीला 2020 पासून आपल्या राज्यात बंदी आहे, पण टपरीवर मिळते हे तुम्हीही बघता, मीही बघते.

आता सांगायचं कसं? तुम्ही सांगूच नका. पगाराच्या दिवशी खिशात मावेल अशी छोटी वही त्यांच्या हातात द्या. दहा दिवस, दूधबिलासारखे. त्यात फक्त सिगारेट, मावा आणि त्याबरोबरचा चहा, तोही त्यांच्याच अक्षरात. 'किरकोळ' हा शब्द त्या वहीत चालणार नाही. या दहा दिवसांत काही कमी करायला सांगू नका, टोमणा नको, उसासाही नको. अकराव्या दिवशी बेरीज त्यांनाच करू दे. किती साचे टाकले आणि किती रिजेक्ट गेले याचा हिशोब जो माणूस रोज देतो, त्याला आकडा दुसऱ्यानं समजावून द्यावा लागत नाही. आणि वाचलेले पैसे कुठं ठेवायचे हेही त्यांनाच ठरवू दे, नाहीतर ते तुमच्या वहीत गेले असंच त्यांना वाटेल.

एक पळवाट आधीच बंद करा. "सिगारेट सोडतो, बिडीवर येतो, स्वस्त पडेल," असं ते म्हणतील. बिडीनं पैसे वाचतील, छाती नाही वाचणार.

सोडायचं मनावर घेतलंच, तर पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात. चिडचिड होईल, झोप लागणार नाही. त्याचा राग धरू नका. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ टपरीपासून लांब काढायचा. मेडिकलमध्ये 2 मिलिग्रॅमचं निकोटिन गम मिळतं. ते च्युइंगगमसारखं सारखं चघळायचं नाही. थोडं चावायचं, झणझणलं की गालाशी धरून ठेवायचं. त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा नको, नाहीतर गुण येत नाही. 1800-11-2356 हा सरकारचा मोफत नंबर आहे, सोडायला मदत करतात.

माव्याबद्दल मला पैशांपेक्षा दुसरीच काळजी आहे. आज रात्री मालकांना तोंड पूर्ण उघडायला सांगा. त्यांचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून आत जातात का बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालात पांढरा-लाल चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दहा दिवसांच्या वहीची वाट न बघता दातांच्या डॉक्टरांकडे न्या. अण्णांच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आत्याबाई. "ती काय" असं तुम्ही लिहिलंत, कारण ती 65 रुपयांची आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली, घरभर ठसका उठला, तरी मिश्री तंबाखूच राहते आणि तिचीही सवय लागते. त्यांना दात घासायला साधी पेस्ट आणून द्या, आणि तुमच्या वहीत ते 65 मिश्री म्हणूनच लिहा. मामंजींचे 450 बिडी म्हणून.

प्रश्न : टर्म विम्याच्या फॉर्मवर तंबाखूपुढं एजंटानं 'नाही' लिहिलंय. हप्ता कमी बसतो म्हणे. मी रोज तंबाखू खातो. चालेल का?
एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : नाही चालणार. तंबाखू खाणाऱ्याला हप्ता जास्त असतो, ही गोष्ट खरी. पण खोटी माहिती निघाली तर तुमच्या माघारी दावा अडकू शकतो, आणि तेव्हा कागद घेऊन हेलपाटे घालायला तुमची बायको असेल. पॉलिसी निघाली नसेल तर उद्याच फॉर्म दुरुस्त करून घ्या. निघाली असेल तर कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या.