मॅडम, चाचणीचा निकालच बदलला; मग खरी मी कोणती?

ती आली ती मोबाइल हातात धरूनच. नीट बसायच्याही आधी तिने तीन स्क्रीनशॉट दाखवले. एकच मोफत ऑनलाइन चाचणी, सहा महिन्यांत तीनदा दिलेली. पहिल्या दोन वेळा 'अंतर्मुख', तिसऱ्यांदा 'बहिर्मुख'.

"मॅडम, ऑफिसात नवीन येणाऱ्यांना शिकवायचं काम मला देत होते. पहिले दोन निकाल बघून मी नाही म्हणाले. माझा तो स्वभावच नाही, असं सांगितलं. आणि आता हे! मग खरी मी कोणती?"

(हे तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वारंवार येतो. कुणाला निकाल बदलला म्हणून धास्ती वाटते, तर कुणाला तो कधीच बदलणार नाही म्हणून. दोघांनीही चाचणीला आरसा मानलेलं असतं.

तिची चाचणी माणसांना 16 प्रकारांत बसवणारी होती. या पद्धतीचं मूळ स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी 1921 मध्ये मांडलेल्या विचारांत आहे. पुढे कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी त्यावरून प्रश्नावली तयार केली. अडचण आहे ती गट पाडण्यात. समजा, सरासरी उंचीवर एक रेघ ओढली आणि वरचे सगळे 'उंच', खालचे सगळे 'बुटके' असं ठरवलं, तर रेघेजवळच्या माणसाचा गट जाड तळव्याचे बूट घातल्यानेही बदलेल. अंतर्मुख-बहिर्मुखतेतही बहुतेक माणसं अशी मधेच कुठेतरी असतात. तिच्या तिन्ही निकालांतली टक्केवारी मी तिला वाचायला लावली. तिन्ही आकडे पन्नाशीच्या अल्याड-पल्याडच होते. ती स्वतः फारशी बदललीच नव्हती, रेघेच्या या बाजूची त्या बाजूला गेली होती इतकंच.

"पण वर्णन तर तंतोतंत माझंच होतं," ती म्हणाली. तिने ओळीच्या ओळी अधोरेखित केल्या होत्या. तेव्हा मी तिला मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांचा 1948 मधला प्रयोग सांगितला. त्यांनी 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात त्याचं 'स्वतःचं' वर्णन ठेवलं. ते किती जुळतं याला मुलांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच कागद मिळाला होता आणि त्यातली बरीच वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने अधोरेखित केलेल्या ओळी पुन्हा वाचल्या आणि त्यातल्या दोन माझ्या बाबतीतही खऱ्या आहेत का, असं विचारलं. खऱ्या होत्या.

दुसऱ्या भेटीत मी तिला एक काम दिलं. लोक तुझ्याबद्दल जे शब्द वापरतात ते सगळे लिही. ही माझी आवडती पद्धत आहे, आणि तिला आधारही आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 1936 मध्ये इंग्रजी शब्दकोश चाळून माणसांमधला फरक सांगणारे जवळजवळ 18,000 शब्द गोळा केले होते. स्वभावातलं जे महत्त्वाचं, त्याला भाषेत शब्द असणारच, हा त्यामागचा विचार. याच वाटेवर काटछाट होत होत पुढे पाच मोठे गुणविशेष मान्य झाले: बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा.

तिच्या कागदावर होतं: अबोल, घुमी, बुजरी, मुखदुर्बळ, एकलकोंडी.

"हे सगळं एकच ना?" तिने विचारलं. नाही, मुळीच नाही! अबोल माणसाला बोलायची गरज वाटत नाही. बुजऱ्याला बोलायचं असतं, पण भीती आड येते. मुखदुर्बळाला मुद्दा ठाऊक असूनही ऐन वेळी मांडता येत नाही. अबोलपणाचं नातं बहिर्मुखतेच्या मोजपट्टीशी, बुजरेपणात भावनिक अस्थिरतेचा मोठा वाटा, आणि मुखदुर्बळता हा तर बव्हंशी सरावाचा प्रश्न. 'अंतर्मुख' या एका शब्दाखाली तिने तिन्ही कोंबले होते. 'घुमी' हा शब्द कुणाचा, असं विचारल्यावर तिचे डोळे भरून आले. शाळेत एकदा वर्गासमोर बोलताना ती अडखळली होती. तेव्हापासून घरात तो चिकटला होता.

मग मी तिच्याकडून पाच गुणविशेषांची रीतसर प्रश्नावली भरून घेतली. तिथे गटाचं नाव मिळत नाही, प्रत्येक मोजपट्टीवर आपण कुठे आहोत ते कळतं. बहिर्मुखता मध्यापेक्षा थोडी कमी, कर्तव्यदक्षता बरीच जास्त, आणि चिंतेशी संबंधित, म्हणजे भावनिक अस्थिरतेचे, गुण चढे. शाईच्या डागांत काय दिसतं ते विचारून मनातलं ताडणारी, तशी प्रक्षेपण चाचणी मी घेतली नाही. या प्रश्नाला तिची गरज नव्हती. पण नुसत्या प्रश्नावलीवरही मी थांबत नाही. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी 1968 मध्ये दाखवून दिलं होतं की गुणविशेषांवरून एखाद्या ठरावीक प्रसंगातल्या वागण्याचा अंदाज फार कमी बांधता येतो; सहसंबंध साधारण 0.30 च्या आसपास (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ). यावर वर्षानुवर्षं वाद झाला. आज बहुतेक जण मानतात की गुणविशेष माणसाची सर्वसाधारण चाल सांगतो, एका दिवसाचं पाऊल नाही.

म्हणून दोन आठवडे तिने नोंदी ठेवल्या: आज मी कुठे मोकळी बोलले, कुणाशी, किती जणांत. या नोंदींनी मलाही चकित केलं. विषय नीट माहीत असला आणि समोर दोन-तीन जण असले की ती अर्धा-अर्धा तास बोलत होती. म्हणजे शिकवतच होती.

मला मनापासून वाईट वाटतं ते याचं, की तिने नाकारलेलं काम तिच्या स्वभावाला बऱ्यापैकी मानवणारं होतं. अशा प्रकार-चाचण्या कामासाठी माणसं निवडायला वापरू नयेत, हे मूळ चाचणीचे प्रकाशकही सांगतात. इथे तर तिने स्वतःच स्वतःला नापास केलं होतं.

"पण स्वभाव जन्माचाच असतो ना?" हा तिचा शेवटचा प्रश्न. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या फरकांपैकी साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो. पण वाढत्या वयाबरोबर सरासरी माणूस अधिक जबाबदार आणि भावनिकदृष्ट्या अधिक स्थिर होत जातो, हेही दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांत दिसलं आहे. ती बडबडी होईल असं आश्वासन मी दिलं नाही. तिला तसं व्हायचंही नव्हतं.

तिने ऑफिसात पुन्हा विचारलं आणि पाचच जणांचा गट मागून घेतला. पहिल्या तासाआधी हात गार पडले होते, दुसऱ्या तासाआधी त्याहून कमी. तास संपला की अजूनही तिला अर्धा तास एकटीला शांत बसावं लागतं. तेवढा वेळ तिने वेळापत्रकातच राखून ठेवला आहे.