गुन्ह्याच्या आधीचे दार

वाचकाचे पत्र (थोडक्यात):

मी भोसरीत राहते. तीन वर्षांपूर्वी माझे पती अपघातात गेले. मी एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम करते. पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची असते. मुलगा 16 वर्षांचा आहे. वडील गेल्यानंतर त्याचे शाळेतले लक्ष उडाले आणि नववीतच त्याने शाळा सोडली. हल्ली तो रात्री उशिरा येतो, डोळे लाल असतात, डब्यातले पैसे कमी होतात. मागच्या आठवड्यात माझ्या 11 वर्षांच्या मुलीने मला एक रील दाखवले. त्यात वस्तीतल्या एका ‘भाऊ’चा वाढदिवस आहे, केक कोयत्याने कापतात आणि माझा मुलगा कडेला मोबाइलची बॅटरी धरून उभा आहे. माझा भाऊ म्हणतो, त्याला लातूरकडे गावी पाठव. जाऊ म्हणते, एक व्यसनमुक्ती केंद्र आहे, त्यांची माणसे रात्री गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात. शेजारीण म्हणते, वसतिगृहात टाक. पोलिसांकडे गेले तर त्याच्या नावावर कायमचा डाग बसेल, अशी भीती वाटते. मी कोणाकडे जाऊ?

— एक आई

ताई,

तुम्हाला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांत मुलाला घराबाहेर काढायचे आहे. कुठे काढायचे, एवढाच काय तो फरक. एकटीने घर ओढणाऱ्या आणि पाळीवर असताना मुलगा कुठे असेल या काळजीत राहणाऱ्या आईला हे पर्याय बरे वाटले, तर त्यात नवल नाही. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, त्याला कुठे पाठवण्यापेक्षा बाहेरची जाणकार माणसे मदतीला बोलावण्याची गरज तुम्हाला आज अधिक आहे. ही माणसे तुमच्याच जिल्ह्यात, सरकारी यंत्रणेत आहेत आणि त्यांच्या मदतीला पैसे लागत नाहीत. बहुतेक कुटुंबांची त्यांच्याशी पहिली गाठ मुलावर गुन्हा दाखल झाल्यानंतर पडते, ही खरी अडचण आहे. तुमच्या मुलावर अजून गुन्हा नाही. ही फार मोठी सवड आहे आणि ती वाया जाऊ देऊ नका.

बाल न्याय अधिनियम, 2015 हा कायदा 18 वर्षांखालील मुलांचे दोन गट करतो. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, अशी मुले बाल न्याय मंडळापुढे जातात. ज्यांना काळजी आणि संरक्षणाची गरज आहे, अशी मुले बाल कल्याण समितीपुढे येतात. अमली पदार्थांच्या नादी लागण्याचा धोका असलेला मुलगा कायद्याने या दुसऱ्या गटात बसतो, आणि त्यासाठी त्याने काही गुन्हा केलेला असावा लागत नाही. म्हणजे तुम्ही समितीकडे गेलात, तर मुलाविरुद्ध तक्रार घेऊन जात नसून त्याच्यासाठी मदत मागायला जात आहात. ‘नावावर डाग’ ही भीती म्हणूनच या ठिकाणी गैरलागू आहे.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तिच्याकडे जाण्याचा सोपा मार्ग म्हणजे पुण्याच्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचे कार्यालय. जिल्हा बाल संरक्षण कक्ष त्यांच्याच अखत्यारीत काम करतो. पाळीमुळे प्रत्यक्ष जाणे जमत नसेल, तर 1098 या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि तो फक्त लहान मुलांनीच करायचा असतो असे नाही. फोनवर सगळी कर्मकहाणी सांगण्याची गरज नाही. ‘मुलगा 16 वर्षांचा आहे, शाळा सुटली आहे, नशा करत असावा असा संशय आहे, मोठी माणसे त्याला टोळीत ओढत आहेत, वडील नाहीत, मला बाल संरक्षण कक्षाच्या समाजसेवकांशी बोलायचे आहे,’ एवढे पुरे. पलीकडच्या माणसाचे नाव आणि नोंदीचा क्रमांक मात्र लिहून घ्या. सरकारी कामात तोच क्रमांक पुढच्या खेपेला आपली बाजू धरतो.

तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण मनात असणार अशी शंका म्हणजे ‘मुलाला माझ्यापासून काढून घेतील का?’ संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, असे कायद्याचेच तत्त्व आहे. समिती सहसा सामाजिक चौकशी करायला सांगते. समाजसेवक घरी येतात, तुमच्याशी, मुलाशी आणि गरज पडली तर शाळेशी बोलतात आणि अहवाल देतात. त्यानंतर मुलाला तुमच्याकडेच ठेवून समुपदेशन, उपचार आणि देखरेख यांची व्यवस्था करता येते. हे सगळे झटपट होईल अशी आशा मात्र बाळगू नका. या कार्यालयांत माणसे कमी आणि कामे फार आहेत. तुम्हाला पाठपुरावा करावा लागेल, आणि एक-दोन वेळा ‘साहेब मीटिंगला गेले आहेत’ हे ऐकूनही परत जावे लागेल.

आता नशेचा भाग. लाल डोळे आणि डब्यातून जाणारे पैसे यावरून संशय येणे स्वाभाविक आहे, पण तो काय घेतो, किती घेतो आणि सवय कुठवर गेली आहे, हे डॉक्टरांनी तपासून ठरवू द्या. पिंपरीचे वायसीएम (यशवंतराव चव्हाण स्मृती) रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. तिथे मानसोपचार विभागात दाखवा. औंधचे जिल्हा रुग्णालय आणि ससून रुग्णालय हेही पर्याय आहेत. त्याआधी कोणाशी तरी बोलावेसे वाटले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. व्यसनासंबंधी राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक 14446 आहे. मुलगा डॉक्टरांकडे यायला तयार नसेल, तर पहिल्या वेळी तुम्ही एकट्या जा. त्याच्याशी कसे बोलावे, काय टाळावे आणि कोणत्या लक्षणांवर ताबडतोब धाव घ्यावी, हे तुम्हाला तिथे विचारता येईल.

जाऊबाईंनी सुचवलेल्या केंद्राविषयी मात्र माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. रात्री गाडी घेऊन यायचे, पोराला चौघांनी धरून न्यायचे आणि महिनाभर घरच्यांना भेटू द्यायचे नाही, याला उपचार म्हणत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार 18 वर्षांखालील मुलाला दाखल करण्यासाठी पालकाचा अर्ज लागतो, एका मानसोपचारतज्ज्ञासह दोन जाणकारांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते, त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि तो दाखल असेतोवर पालकाने किंवा नेमलेल्या व्यक्तीने त्याच्याजवळ राहायचे असते. साखळीने बांधून ठेवण्यास तर सरळ बंदी आहे. कोणत्याही केंद्राला नोंदणीचे प्रमाणपत्र मागा, 16 वर्षांच्या मुलाला कोणाबरोबर ठेवता हे विचारा, आणि आईला आत येऊन जागा पाहू देता का तेही विचारा. उत्तर द्यायला जे केंद्र कां-कूं करील, तिथून परत फिरा. पुण्यात येरवड्याला 1986 पासून चालू असलेले ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्पवयीन मुलासाठी तिथे काय सोय आहे, ते फोन करून विचारता येईल.

रीलमधल्या त्या ‘भाऊ’कडे वळते. अशा टोळ्यांना कोवळी पोरे लागतात, कारण पोराला ‘तू अल्पवयीन आहेस, तुला काही होत नाही’ असे सांगून हातात कोयता देता येतो. हे अर्धसत्य आहे, आणि ते मुलाच्या कानावर घालायलाच हवे. 16 ते 18 या वयात एखाद्याने किमान 7 वर्षांच्या शिक्षेचा अतिगंभीर गुन्हा केला, तर मंडळ त्याची प्राथमिक पारख करून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तुमच्या मुलाने ती वयोमर्यादा ओलांडली आहे. दुसऱ्या बाजूने, मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला याच कायद्यात 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख रुपये दंड आहे. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्यालाही 7 वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. भाऊ हे सांगत नाही.

म्हणून पोलिसांना पूर्णपणे टाळू नका, पण कोणाकडे जायचे ते नीट ठरवा. प्रत्येक पोलिस ठाण्यात एक बाल कल्याण पोलिस अधिकारी नेमलेला असतो. ठाण्यात गेल्यावर त्यांचीच भेट मागा. वस्तीत कोणी गांजा किंवा गोळ्या विकत असेल आणि तुमचे नाव पुढे येऊ नये असे वाटत असेल, तर 1933 या क्रमांकावर नाव न सांगता माहिती देता येते. (या सेवेचे नाव ‘मानस’ आणि मन मोकळे करण्याच्या सेवेचे ‘टेली-मानस’, एवढी सारखी नावे ठेवणाऱ्यांना काय म्हणावे! तुम्ही क्रमांकच लक्षात ठेवा.) त्या भाऊला गाठून जाब विचारण्याच्या भरीस मात्र पडू नका, आणि तुमच्या भावालाही पडू देऊ नका. आणि उद्या खरोखरच पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतले, तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही, 24 तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. त्यासाठीचा क्रमांक 15100 आहे.

गावी पाठवण्याचा सल्ला मी सरसकट मोडीत काढणार नाही. मामाला भाचा मनापासून हवा असेल, त्याच्याकडे मुलाला देण्यासारखे शिक्षण किंवा काम असेल आणि मुलगाही राजी असेल, तर काही महिने गावी राहणे चांगलेच. निव्वळ नजरेआड करण्यासाठी पाठवाल, तर मोबाइल त्याच्याबरोबर जाईल आणि मित्रही त्या मोबाइलमध्येच जातील. शिवाय वडील गेल्यावर आता आईनेही घराबाहेर काढले, असे त्याने मनाशी धरले, तर ते काढून टाकणे कठीण जाईल. वडिलांविषयी तो कधी बोलतो का, हे तुम्ही लिहिलेले नाही. समुपदेशकाला भेटाल तेव्हा शाळा सुटण्याआधी वडिलांचा मृत्यू झाला, हा क्रम आवर्जून सांगा, कारण ‘मुलगा बिघडला’ या एका वाक्याने सुरुवात केली की, ऐकणाराही तिथूनच पुढे विचार करू लागतो.

दिवसभर रिकामा असलेल्या मुलाला ‘त्या पोरांत जाऊ नको’ असे सांगून उपयोग नाही. जायचे कुठे, हेही सांगता आले पाहिजे. नववीत शाळा सुटली म्हणून दहावीचा मार्ग बंद होत नाही. 17 नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येते. अर्जाच्या तारखा जवळच्या माध्यमिक शाळेत समजतील. हातात कौशल्य हवे असेल, तर आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन यांसारखे काही अभ्यासक्रम आठवी उत्तीर्ण मुलांनाही खुले असतात. एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये त्याला प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर मात्र ऐकू नका. धोकादायक कामावर 18 वर्षांखालील मुलाला ठेवणे गुन्हा आहे, आणि प्रेसवर बोटे गमावलेली माणसे भोसरीत तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असतील.

पैशांचे तुम्ही विचारलेले नाही, तरीही सांगते. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे आणि तिच्यात 18 वर्षांपर्यंत दर मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. अर्ज त्याच महिला व बाल विकास कार्यालयात करायचा असतो आणि मंजुरी तीच बाल कल्याण समिती देते. पतीच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि मुलीचा शाळेचा बोनाफाइड या सगळ्यांच्या झेरॉक्स एका पिशवीत घालूनच पहिल्या भेटीला जा. मुलाचे शाळेचे कागद अपुरे असले, तरी मुलीचा अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नका.

मुलीविषयी एक सांगायचे आहे. भावाचे रील आईला दाखवावे की नाही, हे त्या 11 वर्षांच्या पोरीला एकटीने ठरवावे लागले. तिने सांगितले, हे मुलाला कळू देऊ नका, आणि यापुढे तिला भावावर पाळत ठेवायलाही सांगू नका. तुमची रात्रपाळी असते तेव्हा ती घरात कोणाबरोबर असते, हा प्रश्न समाजसेवक विचारतील. त्याचे उत्तर आधी शेजारणीशी किंवा जावेशी बोलून ठरवून ठेवा. वसतिगृह सुचवणाऱ्या शेजारणीला आठवड्यातल्या त्या रात्रींसाठी विचारायला हरकत नाही.

तुमच्या मुलाचे नाव, छायाचित्र किंवा पत्ता वर्तमानपत्रात छापणे कायद्याने गुन्हा आहे. समितीपुढे आलेल्या मुलांना ते संरक्षण मिळते. त्यामुळे वस्तीत बभ्रा होईल म्हणून थांबू नका. मुलाला सोबत यायला सांगा, पण त्याच्या होकारासाठी आठवडे घालवू नका. तो नाही म्हणाला, तर सकाळची पाळी नसेल अशा कामाच्या दिवशी कागदांची पिशवी घेऊन तुम्ही जा, आणि परत आल्यावर कुठे गेला होता ते त्याला खरे सांगा.