आधी माणूस बसवावा, मग गाडी काढावी

चि. विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली बावीस चित्रे मिळाली. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष, प्रोजेक्ट आणि सबमिशनची धावपळ, आणि त्यातून वेळ काढून केलेले हे काम पाहून मला मनापासून बरे वाटले. ट्रान्सपोर्टेशन डिझाइनच्या, म्हणजे वाहनांच्या डिझाइनच्या, पदव्युत्तर शिक्षणासाठी तयारी कशी करावी आणि शिकून झाल्यावर काम मिळेल का, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. दोन्हींबद्दल लिहितो, पण सुरुवात तुझ्या चित्रांपासून करतो, कारण पुढचे बरेचसे त्यांतूनच निघणार आहे.

बावीसपैकी एकोणीस चित्रांत गाडी एका बाजूने दिसते. चाके मोठी, छप्पर मागे उतरत गेलेले, काचा अरुंद. तुझी रेषा ठाम आहे आणि हात थरथरत नाही, हे मोठे भांडवल आहे. मात्र एकाही गाडीत माणूस नाही. तुझ्या लाल गाडीवर मी ट्रेसिंग पेपर ठेवला, चाकाच्या व्यासावरून प्रमाण धरले आणि आत साधारण उंचीचा चालक बसवून पाहिला. त्याचे डोके छपराच्या वर आले आणि गुडघे स्टिअरिंगला टेकले.

हीच चूक माझ्याही हातून झालेली आहे. शिक्षण संपवून मी पहिल्या मुलाखतीला गेलो, तेव्हा समोरच्या ज्येष्ठ डिझायनरांनी माझे सर्वांत देखणे चित्र पुढे ओढले, हातात पेन्सिल दिली आणि चालकाच्या कमरेचा सांधा यात कुठे येतो तेवढा एक ठिपका देण्यास सांगितले. मला तो देता आला नाही. ती नोकरी मिळाली नाही, आणि परतीच्या प्रवासात मला पहिल्यांदा कळले की दोन वर्षे मी गाड्यांची चित्रे काढत होतो, गाड्या नव्हे.

त्या ठिपक्याला आमच्या कामात हिप पॉइंट म्हणतात. तो ठरला की टाच कुठे टेकणार, डोळे किती उंचीवर येणार, त्या डोळ्यांना बोनेटपलीकडचा रस्ता किती दिसणार, ए-पिलर, म्हणजे पुढच्या काचेच्या कडेचा खांब, कुठे आडवा येणार, छप्पर किती उंच हवे आणि मागच्या माणसाच्या गुडघ्यांना किती जागा उरणार, हे सारे एकामागून एक ठरत जाते. या मांडणीला पॅकेज म्हणतात. अॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या मिनीमध्ये इंजिन आडवे बसवले आणि चाके दहा इंचांची घेतली, त्यामुळे जेमतेम तीन मीटरच्या गाडीत चार माणसे बसली. मिनीचे ते रूप आज सर्वांच्या ओळखीचे आहे, पण ते त्या मांडणीतूनच आले. म्हणून तुला पहिला सल्ला असा की, येते सहा महिने कोणतीही गाडी काढताना आधी जमिनीची रेषा, मग माणूस, मग चाके आणि सर्वांत शेवटी पत्रा, हा क्रम मोडू नकोस. सुरुवातीला चित्रे बेढब होतील. होऊ दे.

माणूस कोणता, हाही प्रश्न आहेच. परदेशी पुस्तकांतल्या आकृत्या गिरवून आपले काम भागत नाही. आपल्याकडच्या शरीरमापांचे देबकुमार चक्रवर्ती यांनी केलेले संकलन नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने, म्हणजे एनआयडीने, १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. ते कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळव आणि त्यातील ठेंगण्या स्त्रीची व उंच पुरुषाची मापे घेऊन पुठ्ठ्याच्या दोन सांधेदार आकृत्या एक-दशांश प्रमाणात कापून घे. माझ्या टेबलावर अशी जोडी अजून असते.

आता वाहनावर रेषा ओढणारे हात किती असतात, ते पाहा. केंद्र सरकारने २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क कमी केले. मारुतीची डिझायर २००८ मध्ये आली तेव्हा ती ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ ची नवी डिझायर ३९९५ मिलिमीटरची झाली. ती आखूड झालेली डिकी कराच्या एका ओळीने कापलेली आहे. दुसरे उदाहरण तुझ्या घरासमोरच उभे असेल. मोटरसायकलच्या मागच्या चाकाशेजारी जी जाळी असते, जिला आपण साडी गार्ड म्हणतो, ती केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ मुळे आहे: मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे चाक तरी झाकलेले असावे, त्याला धरायला मूठ आणि टेकायला पायटा असावा, असे तो नियम सांगतो. अनेक विद्यार्थी आपल्या चित्रांतून ती जाळी काढून टाकतात, कारण ती रेषेच्या आड येते. तू काढू नकोस. पदर आणि ओढणी सांभाळत एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईसाठी तो भाग मुळातून नव्याने कसा करता येईल, याचा विचार कर. इतकी वर्षे लोटली, तरी तो बहुधा शेवटी जोडलेल्या लोखंडी पट्टीसारखाच दिसतो.

विजेवरच्या गाड्यांनी तर जुनी गणिते हलवली आहेत. पुढचे इंजिन गेले, बॅटरीची पेटी फरशीखाली आली, फरशी वर चढली, तिच्याबरोबर टाच आणि कंबर चढली, आणि छप्पर उंच करण्यावाचून इलाज उरला नाही. अंगावर आलेली ही उंची लपवण्यासाठी अनेक गाड्यांच्या खालच्या कडेला काळ्या प्लास्टिकचा रुंद पट्टा दिलेला तुला दिसेल. कारण समजून घेऊन गाडीकडे पाहण्याची सवय लागली की रस्त्यावरचा प्रत्येक सिग्नल तुझा वर्ग होईल.

प्रवेशाचे आता थोडक्यात सांगतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे १९६९ मध्ये सुरू झालेल्या डिझाइन विभागात, मोबिलिटी अँड व्हेइकल डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तिथे जाण्यासाठी सीड ही परीक्षा द्यावी लागते. ती दरवर्षी जानेवारीत होते आणि तिचे गुण एक वर्षच ग्राह्य धरतात. एनआयडीचा ट्रान्सपोर्टेशन अँड ऑटोमोबाइल डिझाइनचा अभ्यासक्रम गांधीनगरला चालतो आणि त्यासाठी त्यांची स्वतंत्र डॅट परीक्षा आहे. पुण्याजवळ लोणी काळभोरच्या एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्येही हा विषय शिकता येतो. सीडचा पहिला भाग संगणकावर सोडवायचा असतो आणि तू इंजिनिअर असल्याने तो तुला जड जाऊ नये. खरी कसोटी दुसऱ्या भागात आहे, कारण तिथे हाताने चित्र काढावे लागते आणि सुचलेली कल्पना अनोळखी परीक्षकाला न बोलता समजावी लागते. त्यासाठी रोज अर्धा तास गाड्या सोडून इतर काहीही काढ: तिकीट देणारा कंडक्टर, डब्याच्या दारात उभी माणसे, गॅसचे सिलिंडर स्कूटरच्या फुटबोर्डवर ठेवून चाललेला माणूस.

परदेशी शिकण्याचा विचारही तुझ्या मनात असेल. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये हा विषय १९६७ पासून शिकवला जात आहे. कोव्हेंट्री, जर्मनीतील फोर्झहाइम, स्वीडनमधील उमेओ, इटलीतील तुरिन ही गावेही या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहेत. तिथे जगभरची मुले भेटतात, स्टुडिओ जवळ असतात, हा लाभ खरा आहे. पण घर गहाण ठेवून लगेच जावे, या मताचा मी नाही. आधी इथे शिकावे, दोन-तीन वर्षे काम करावे आणि मग कोणत्या एका गोष्टीसाठी जायचे आहे हे ठाऊक झाल्यावर निघावे. आधी एनआयडी आणि नंतर रॉयल कॉलेज, असा मार्ग वाहन डिझायनर प्रताप बोस यांच्यासारख्यांनी चोखाळला आहे, आणि त्यांच्या सुरुवातीच्या नोकऱ्यांतील एक इटलीत, स्कूटर बनवणाऱ्या पियाजिओमध्ये होती. पैशांसाठी १८९२ पासून चालू असलेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूप शिष्यवृत्तीही लक्षात ठेव.

पोर्टफोलिओत बावीस चित्रे नकोत. चार प्रकल्प पुरेत, पण त्यांतला एक तरी वर्षभर हाताळलेला असावा. मी तुला विषय सुचवतो: तुमच्या तालुक्याच्या बसचे दार.

तू मनातून खट्टू होशील, हे मला ठाऊक आहे. तरी पुढचे वाच. गेल्या पावसाळ्यात मी एका बसस्थानकावर दोन तास एकाच जागी उभा होतो. सत्तरीच्या पुढच्या एक आजी आल्या, नऊवारी नेसलेल्या, काखेत पिशवी. त्यांनी आधी पिशवी पायरीवर टेकवली, डाव्या हाताने लुगड्याचा काठ वर धरला आणि उजवा हात दांड्यासाठी पुढे केला. दांडा हाताला लागेना, कारण तो पहिल्या पायरीवर चढलेल्या माणसाच्या हिशेबाने लावलेला होता. त्यांनी दाराच्या पत्र्याची कड धरली. पत्रा ओला होता. मागच्या कॉलेजच्या मुलीने कोपराला आधार दिला, तेव्हा त्या वर गेल्या. सारे मिळून वीस-पंचवीस सेकंद लागले असतील, आणि त्या तेवढ्या वेळात माझ्या वहीची दोन पाने भरली.

ती पायरी इतकी उंच का, याचे उत्तर शोधताना तू पुष्कळ शिकशील. आपल्या बसगाड्या अनेक दशके मालट्रकच्या सांगाड्यावर बांधल्या गेल्या. सांगाडा चाकांच्या वर, फरशी सांगाड्याच्या वर, म्हणून पायऱ्या आल्या. शहरांतल्या लो-फ्लोअर बसची फरशी जमिनीपासून ४०० मिलिमीटरवर असते, पण तीच बस खड्ड्यांच्या गावरस्त्यावर आणि घाटात तशीच चालवता येत नाही. इंजिन, रस्ता, किंमत, गर्दी, पाऊस आणि आजींचा गुडघा एकाच चौकटीत बसवायचे आहेत. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली आणि १ जून २०२२ रोजी विजेवरची शिवाई त्याच मार्गावर निघाली. आता बसमध्ये इंजिनाची जागा मोकळी होऊ लागली असताना दार कुठे असावे, हा प्रश्न पुन्हा विचारता येतो, आणि तो विचारायला तुझ्या पिढीचे लोक लागणार आहेत. मापे घे, वेगवेगळ्या वेळी घे, चढणाऱ्या शंभर माणसांचा हात आधी कुठे जातो त्याची नोंद कर, आणि मग घरच्या अंगणात लाकडी फळ्यांचे खऱ्या मापाचे दार उभे करून शेजारच्या वृद्धांना चढायला सांग. असा एक प्रकल्प तुझ्या त्या एकोणीस चित्रांपेक्षा मुलाखतीत अधिक बोलेल.

संगणकाबद्दल एवढेच सांगेन की एलियास, ब्लेंडर ही सॉफ्टवेअर शीक, पण हाताने आकार घडवणे सोडू नकोस. संधी मिळाली तर क्लेवर काम कर. ती माती ओव्हनमध्ये साधारण साठ अंशांपर्यंत तापवून, फोमच्या गाभ्यावर अंगठ्याने दाबत लावतात. थंड झाली की घट्ट होते आणि मग पोलादी पट्टीने तासत जातात. शेवटी वर चंदेरी फिल्म ताणून बसवतात आणि दिव्याची रेघ दारावरून कशी वाहते ते पाहतात. ती रेघ मध्येच अडखळली तर पत्रा चुकला. पडद्यावर नीट वाटलेला पृष्ठभाग तिथे उघडा पडतो, आणि तळहाताला तो डोळ्यांच्याही आधी कळतो.

कामाविषयी तुला खोटी आशा दाखवणार नाही. गाडीचे बाह्यरूप काढणाऱ्यांच्या जागा कोणत्याही स्टुडिओत मोजक्याच असतात, आणि बहुतेकांना त्याच हव्या असतात. त्याच इमारतीत आसने आणि डॅशबोर्ड करणारे, रंग व कापड ठरवणारे, पडद्यावरच्या खुणा आखणारे, डिजिटल पृष्ठभाग बांधणारे आणि डिझायनर व इंजिनिअर यांच्यामध्ये उभे राहून प्रत्येक मिलिमीटरसाठी भांडणारे स्टुडिओ इंजिनिअरही असतात. या शेवटच्या कामाला तुझी पदवी फार उपयोगी पडेल. ते दुय्यम समजू नकोस. पुण्याच्या आसपास मोटारी, दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांचे कारखाने आणि १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था, हे सारे आहे. इंटर्नशिपसाठी केवळ मोठ्या नावांना लिहू नकोस, बस आणि रुग्णवाहिकांच्या बॉड्या बांधणाऱ्या छोट्या कारखान्यांनाही लिही. तिथे तुझी रेषा महिन्याभरात वेल्डरच्या हातात जाते, आणि तो पहिल्याच दिवशी सांगतो की हा कोपरा वाकणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला येशील तेव्हा चित्रे आणली नाहीस तरी चालेल. मापांची वही, पुठ्ठ्याची ती दोन माणसे आणि दाराच्या दांड्याची तुला सुचलेली जागा, एवढे घेऊन ये. माझ्या नोंदींत आजींचा हात जिथे गेला ती उंची मी लिहून ठेवली आहे. तुझी मापे पाहिल्याशिवाय ती तुला सांगणार नाही.

कळावे. अनेक आशीर्वाद.